आत ओढलेला श्वास

"असं नाही. हवा बाहेर नाही फेकायची, आत घ्यायची. पाण्याचा घोट घेतल्यासारखी."

सोलापूरच्या नव्या पेठेतल्या एका कापड दुकानात, गादीच्या कडेला बसून, मी चाळिशीत 'ग' शिकत होतो. शिकवणारे होते दुकानाचे मालक. वय ऐंशीच्या पुढे, अंगात पांढरा लेंगा-सदरा, मांडीवर लाकडी गज. पेठ त्यांना शेठ म्हणायची. त्यांच्या घरची मंडळी दादा म्हणायची, म्हणून मीही दादाच म्हणू लागलो. बँकेच्या कामानिमित्त दुकानात जाणं सुरू झालं, काम संपलं, जाणं संपलं नाही.

शब्द होता 'ॻोठु'. सिंधीत गाव. देवनागरीत लिहायचा तर ह्या गच्या खाली आडवी रेघ द्यावी लागते, कारण तो आपला ग नव्हे. सिंधीत असे चार वर्ण आहेत: ॻ, ॼ, ॾ आणि ॿ. ते उच्चारताना कंठ खाली ओढला जातो आणि हवा किंचित आत शिरते. ॼिभ म्हणजे जीभ, ॿार म्हणजे मूल, ॾेहु म्हणजे देश, आणि ॻोठु म्हणजे गाव. जीभ, मूल, देश, गाव, ह्या चारही गोष्टींची नावं सिंधी माणसाला श्वास आत ओढल्याशिवाय घेता येत नाहीत.

माझ्या तोंडून प्रत्येक वेळी 'गोठ' येई. दादा हसत. "तो तुमच्या म्हशींचा. आम्हाला माणसांचा पाहिजे." मग आकडे शिकवत. दोनला सिंधीत म्हणायचं ॿ. "तुमचे पोरं पाढे म्हणतात ना, बे एके बे? तोच. फक्त श्वास उलटा." सोलापुरात 'बे' म्हटल्याशिवाय दोस्ताला हाक मारता येत नाही, पण श्वास उलटा करून 'बे' म्हणणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो.

गादीमागच्या फळीवर, लट्ठ्याच्या ताग्यांशेजारी, वर्तमानपत्राच्या कागदाचं कव्हर घातलेलं एक पुस्तक असायचं. अक्षरं अरबी वळणाची, पानं हात लावताच तुटतील अशी. दादांच्या आईनं फाळणीच्या वेळी हैदराबादेहून, म्हणजे सिंधमधल्या हैदराबादेहून, जे थोडं आणलं त्यातलं ते एक. 'जीनत' नावाची कादंबरी. लेखक मिर्झा कलीच बेग. "हा आमचा हरिभाऊ," दादा म्हणाले. मराठी शाळेत शिकल्यामुळे त्यांना हरिभाऊ आपटे ठाऊक होते. ही तुलना त्यांनी सहज केली असेल. मी मात्र तारखा पाहिल्या आणि चकित झालो. 'जीनत' 1890 सालची. एका शिकलेल्या स्त्रीची गोष्ट. त्याच साली पुण्यात हरिभाऊंचं 'करमणूक' सुरू झालं आणि त्यात 'पण लक्षात कोण घेतो?' क्रमशः येऊ लागली. दोन टोकांना दोन माणसं एकाच वेळी बाईच्या शिकण्याची काळजी करत होती, आणि एकमेकांना त्याचा पत्ता नव्हता.

टोकं तरी किती लांबची? 1847 पासून 1936 पर्यंत सिंध हा मुंबई इलाख्याचाच भाग होता. सोलापूरही त्यातच. सोलापूरचा मामलेदार आणि सिंधचा मुख्त्यारकार एकाच सरकारचं मीठ खात होते. एकोणनव्वद वर्षं आपण एका छपराखाली राहिलो, आणि शेजारच्या खोलीत कोण काय लिहितो आहे हे आपण विचारलं नाही. 

मिर्झा कलीच बेग यांचा जन्म 1853 चा, हैदराबादेजवळच्या टंडो ठोरो ह्या वस्तीतला. मृत्यू 3 जुलै 1929 चा. मधल्या पाऊणशे वर्षांत ह्या माणसानं चारशेहून अधिक पुस्तकं लिहिली, रचली, भाषांतरित केली. सिंधी नाटक, सिंधी कादंबरी, सिंधी निबंध, कुठल्याही दारावर थाप मारा, आतून हेच गृहस्थ 'या' म्हणतात. पण मला ह्या आकड्याहून अधिक ओढ लागली ती त्यांच्या वडिलांची.

वडील फरीदून बेग हे सिंधी नव्हतेच. ते जॉर्जियातले, तिफ्लिसकडचे, जन्मानं ख्रिस्ती. रशिया आणि इराण यांच्या ओढाताणीत त्या मुलखातली मुलं पकडून विकली जात, त्यातलं हे एक मूल. विकलं जात जात ते सिंधच्या तालपूर मीरांच्या दरबारात पोचलं. तिथं आधीच एक जॉर्जियन होता, मिर्झा खुसरो बेग. त्यालाही असंच आणलेलं. निपुत्रिक मीर करम अली खानानं त्याला मुलगा मानलं होतं. ह्या खुसरो बेगनं नव्या पोराला वाढवलं आणि पुढे आपली मुलगी दिली. कलीच बेग हे त्या जोडप्याचं अपत्य. म्हणजे आजोबा दत्तक, बाप पोसलेला. धर्म बदलला, नाव बदललं, भाषा बदलली.

भाषा बदलली म्हणजे काय झालं, ह्याचा मी पुष्कळ विचार केला आहे. जॉर्जियन भाषेत काही व्यंजनं अशी आहेत की ती म्हणताना कंठ बंद करून हवा झटक्यात बाहेर उडवावी लागते. सिंधीतले ते चार वर्ण नेमके उलट, हवा आत घेणारे. त्या पोराला सिंधमध्ये आल्यावर श्वासाची दिशाच बदलावी लागली असणार. किती दिवस लागले असतील? आधी कोणता शब्द जमला असेल? आणि ज्या दिवशी 'ॻोठु' नीट जमला, त्या दिवशी डोळ्यांपुढे कोणतं गाव आलं असेल?

1843 मध्ये मियाणीच्या लढाईत इंग्रजांनी मीरांचं राज्य घेतलं. मीर हद्दपार झाले. खैरपूरच्या म्हाताऱ्या मीर रुस्तमला पुण्यात आणून ठेवलं, आणि 1846 मध्ये तो तिथंच गेला. बाजीराव ब्रह्मावर्ताला गेला ह्याचं दुःख आपल्या बखरींत, कादंबऱ्यांत वाहतं; पण पुण्यात येऊन मेलेल्या एका परक्या राजाची आठवण आपल्याला नाही. पराभूतांची अशी देवाणघेवाण त्या काळात चालूच होती. दरबार गेला, दरबाराचे पोसलेले उरले. त्यांच्या पोरांना आता फारसीबरोबर इंग्रजीही शिकावी लागणार होती.

1872 च्या सुमाराला कलीच बेग मुंबईला आले, एल्फिन्स्टन कॉलेजात. तिथं मिर्झा हैरत ह्या नामांकित फारसी पंडिताचा सहवास मिळाला. काही वर्षांनी पदवी न घेताच ते सिंधला परतले. पदवी राहिली, पण मुंबईहून त्यांनी नेलेलं सामान पुढची पन्नास वर्षं पुरलं. बेकनचे निबंध त्यांनी सिंधीत आणले. मग महसूल खात्यात शिरले, मुख्त्यारकार झाले, 1891 मध्ये डेप्युटी कलेक्टर झाले. दिवसभर जमाबंदी, कालव्याच्या पाण्याच्या तक्रारी, आणि उरलेल्या वेळात शेक्सपिअर. महसुली नोकरी आणि साहित्य यांचं लग्न आपल्याकडेही काही नवं नाही. पण चारशे पुस्तकांचा संसार मी दुसरीकडे पाहिला नाही.

त्यांचा शेक्सपिअर पाहण्यासारखा आहे. 'हॅम्लेट'चा झाला 'शहजादो बहराम', 'किंग लिअर'चा 'शाह एलिया', 'रोमिओ अँड ज्युलिएट'चं 'गुलजार ऐं गुलनार', आणि 'मर्चंट ऑफ व्हेनिस'चं 'हुस्ना दिलदार'. आपल्याकडे आगरकरांनी 1883 मध्ये 'हॅम्लेट'चं 'विकारविलसित' केलं, देवलांनी 1890 मध्ये ऑथेल्लोला 'झुंझारराव' म्हटलं. त्या काळाची रीतच तशी होती, असं म्हणून पुढं जाता येतं. पण कलीच बेगच्या बाबतीत माझं पाऊल अडतं. परमुलखातून एक पोर आणायचं, त्याला आपलं नाव द्यायचं, आपले कपडे घालायचे, आपली भाषा शिकवायची, आणि मग घरातलंच म्हणून पाहुण्यांपुढे बसवायचं. त्यांच्या वडिलांचं जे झालं, तेच त्यांनी डेन्मार्कच्या राजपुत्राचं केलं. फरक एवढाच की राजपुत्राला कुणी विकलं नव्हतं. आणि नाव गेलं, मुलूख गेला, तरी आत माणूस तोच राहतो, हे त्यांना पुस्तकात वाचावं लागलं नसेल. ते जेवायच्या पंक्तीत समोर बसत होतं.

दादांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी गज बाजूला ठेवला. म्हणाले, "मारुईची गोष्ट माहीत आहे?"

सिंधचा थोर कवी शाह अब्दुल लतीफ, 1689 ते 1752. तुकोबा गेल्याला चाळीस वर्षं झाली असताना जन्मलेला. भिट म्हणजे वाळूची टेकडी. तिथं राहिला म्हणून भिटाई. त्याच्या 'रिसालो' ह्या ग्रंथात लोककथांतल्या नायिका एकेक करून येतात. त्यातली मारुई ही थरच्या वाळवंटातली गरीब धनगरांची पोर. उमरकोटचा राजा उमर तिला विहिरीवरून उचलून नेतो. रेशीम पुढे ठेवतो, दागिने पुढे ठेवतो. ती अंगावरची जाडीभरडी घोंगडी सोडत नाही. केस विंचरत नाही. आपल्या माणसांचं, आपल्या मलीरचं नाव घेत राहते. शेवटी राजाच हरतो आणि तिला परत पाठवतो.

"आम्ही आलो तेव्हा माझी आई हीच गोष्ट सांगायची," दादा म्हणाले. "तुम्ही कापडाच्या गावात आलात, पोरांनो, पण घोंगडी विसरू नका." मग जरा थांबून, "विसरलो. परवडत नाही विसरल्याशिवाय."

चादरींच्या ह्या गावात बसून घोंगडीची ती गोष्ट ऐकताना एक विचार मनात आला, तो अजून गेलेला नाही. मारुईनं काहीच बदललं नाही, म्हणून ती परत जाऊ शकली. फरीदूननं सगळं बदललं, कारण परत जायला वाटच नव्हती. दोघंही पळवलेले. लोकांच्या तोंडी मारुई राहिली, हे ठीकच. पण पुढं काय झालं पाहा. शाह लतीफच्या शब्दांचे अर्थ नव्या पिढीला कळेनासे होऊ लागले, तेव्हा त्या शब्दांचा कोश कुणी केला? कलीच बेग यांनी. 'लुगात-ए-लतीफी' हे त्याचं नाव. त्यांनी शाहचं चरित्र लिहिलं, 'रिसालो'ची आवृत्ती सिद्ध केली. जिनं घोंगडी सोडली नाही तिच्या घोंगडीचा धागा न् धागा मोजून ठेवला, तो ज्या बापाचं सगळं सुटलं त्याच्या मुलानं.

वारसा रक्तानं येतो असं आपण धरून चालतो. पण दत्तक पुत्रानं पिंड दिला तर तो पूर्वजांना पोचतो, हेही आपणच मानतो. मला वाटतं, भाषेच्या बाबतीत दुसरी गोष्ट अधिक खरी आहे. जन्मानं मिळालेली भाषा आपण हवेसारखी वापरतो. घेतलेली भाषा मोजावी लागते, जपावी लागते, कारण एकदा एक गमावलेली असते.

हे मी इतक्या ठामपणे बोलतो आहे ते दुसऱ्याच्या घराकडे बघून नव्हे. आमच्या घरात आजीपर्यंत कन्नड होती. आजी सकाळी उठून कडक भाकरीचा डबा पुसता पुसता, पुढ्यात येईल त्याला "ऊटा आतेनु?" विचारायची, जेवलास का. वडिलांना ती समजत होती, बोलता येत होती. मला फक्त समजत होती. माझ्या मुलीला दोन्ही नाही. मी मराठीत लिहितो, मराठीतच स्वप्नं पाहतो, आणि जनगणनेच्या माणसाला मातृभाषा मराठी असंच सांगितलं. सांगताना खोटं बोललो असं वाटलं नाही. पण खरं बोललो असंही वाटलं नाही.

सोलापुरात असं घर आडवाटेला शोधावं लागत नाही. पूर्व भागात मागावर तेलुगू, मंगळवार पेठेच्या दुकानांत कन्नड, बाजारात दखनी उर्दू, कचेरीत मराठी. संक्रांतीच्या आदल्या दिवशी सिद्धेश्वराच्या यात्रेत संमती कट्ट्यापाशी नंदीध्वजांसमोर अक्षता पडतात, तेव्हा संमतीची वाक्यं कन्नडमध्ये म्हटली जातात. जमलेल्या लाखभरातल्या कितीकांना त्यांचा अर्थ कळत नाही. पण अक्षता कधी टाकायच्या हे सगळ्यांना बरोबर कळतं. लहानपणी मला वाटे, हे अडाणीपण आहे. आता वाटतं, अर्थाच्या आधी पोचणारं काहीतरी भाषेत असतं, आणि आमचं गाव त्यावरच चालतं.

आणि ह्याच गावचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. 1938 मध्ये चीनला गेले, चिनी शिकले, त्या भाषेत वैद्यकी शिकवू लागले, तिथल्याच मुलीशी लग्न केलं. मुलाचं नाव ठेवलं यिनहुआ. त्यात यिन म्हणजे भारत आणि हुआ म्हणजे चीन. 9 डिसेंबर 1942 ला, बत्तिसाव्या वर्षी, तिकडेच गेले. फरीदूनला नेलं होतं, कोटणीस आपण होऊन गेले. पण परक्या भाषेतला पहिला शब्द नीट जमला असेल, तेव्हा दोघांचे ओठ सारखेच थरथरले असतील.

कलीच बेग यांनी एक पुस्तक उलट्या दिशेनंही नेलं. सिंधवरच्या अरब स्वारीचा फारसी इतिहास 'चचनामा' त्यांनी 1900 मध्ये इंग्रजीत आणला. आत घेतलेला श्वास कधीतरी बाहेर सोडावाच लागतो. आणि आपल्या आत्मचरित्राला त्यांनी नाव दिलं 'साओ पन या कारो पनो', म्हणजे हिरवं पान की काळं पान. ते छापलं गेलं 1965 मध्ये, त्यांच्यामागे छत्तीस वर्षांनी. झाडाचं पान की लिहून काळं केलेलं पान, आपण ह्यांपैकी काय जगलो, असा प्रश्न मला त्या नावात ऐकू येतो. सरकारनं त्यांना 'शम्स-उल-उलेमा', विद्वानांतला सूर्य म्हटलं. त्यांनी स्वतःला पान म्हटलं.

ते पुस्तक आलं तेव्हा त्यांचे पुष्कळ वाचक सिंधमध्ये उरले नव्हते. फाळणीत दहा-बारा लाख हिंदू सिंधी निघाले. कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांतून 1949 मध्ये उल्हासनगर झालं. काही घरं पुढे सरकत सोलापूरला आली. पंजाबला पंजाब उरला, बंगालला बंगाल. सिंध्यांना फक्त सिंधी उरली. ती घटनेच्या आठव्या अनुसूचीत यायला 10 एप्रिल 1967 उजाडावा लागला. त्यात पुन्हा लिपीचा वाद: 1853 पासून रूढ असलेली बावन्न अक्षरांची अरबी वळणाची लिपी ठेवायची की देवनागरी घ्यायची? वाद करणारे दोन्हीकडून बरोबर होते. तेवढ्यात पोरं मराठी शाळेत गेली.

असं असूनही कुणीतरी गजावर कापड मोजत बसतोच. आपल्या शेजारच्या नगरला लछमन हर्दवाणी यांनी सिंधी-मराठी शब्दकोश केला, 'ज्ञानेश्वरी' सिंधीत नेली. एका बाजूला माउली, दुसऱ्या बाजूला शाह लतीफ, मध्ये नगरचा एक प्राध्यापक शब्द लावत बसलेला. कलीच बेग यांचं घराणं असं कुठंही फुटतं. त्याला जॉर्जियाचं रक्त लागत नाही आणि सिंधूचं पाणीही लागत नाही.

दादा गेले त्याला आता काही वर्षं झाली. गादी गेली, काउंटर आला, नातू बसतो. तो अस्सल सोलापुरी बोलतो, गिऱ्हाइकाला "काय दाखवू बे" म्हणायचं तेवढं बाकी ठेवतो. परवा मुलीसाठी कापड घ्यायला गेलो, तर फळीवरचं पुस्तक त्यानं खाली काढून माझ्यापुढं ठेवलं. "काका, तुम्ही आजोबांकडून शिकत होता ना? मला हे वाचता येत नाही. नेता का?"

मलाही वाचता येत नव्हतं. मी शिकलो होतो ते फक्त कानानं. म्हटलं, "ठेव इथंच." बिलाच्या पाठीवर देवनागरीत लिहिलं: ॻोठु. गच्या खाली रेघ ओढली.

"गोठ?" तो म्हणाला.

"तो म्हशींचा," मी म्हणालो. "हवा आत घे. पाण्याचा घोट घेतल्यासारखी."

त्यानं पुन्हा म्हटलं. मीही म्हटलं. मग दोघांनी मिळून. दारात उभं असलेलं गिऱ्हाईक ताटकळत आमच्या तोंडाकडे पाहत राहिलं.